पाच मुलगे, पाच मुली आणि एक बुडालेले घराणे

प्रश्न : मुलीकडे लंडनला गेलो असता टेम्पल चर्चमध्ये जमिनीवर आडव्या ठेवलेल्या सरदारांच्या दगडी मूर्ती पाहिल्या. त्यांतली एक विल्यम मार्शलची असल्याचे वाटाड्याने सांगितले. पाच वर्षांच्या या मुलाला बापाने फाशीच्या तोंडी दिले होते आणि पुढे हाच मुलगा साऱ्या इंग्लंडचा कारभारी झाला, असेही तो म्हणाला. यात तथ्य किती? — एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम नावाविषयी. 'मार्शल' हे मुळात आडनाव नव्हे, हुद्दा आहे. घोडा आणि चाकर अशा अर्थाच्या दोन जुन्या जर्मानिक शब्दांपासून तो बनला. राजाच्या पागेची व्यवस्था पाहणारा तो मार्शल. पागेबरोबर दरबारातील शिस्त आणि छावणीची व्यवस्था ही कामेही त्याच्याकडे आली, हुद्दा वंशपरंपरेने चालू लागला आणि हुद्द्याचेच आडनाव झाले. फडणीस, चिटणीस, पागनीस ही आडनावे असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये.

विल्यमचा बाप जॉन मार्शल हा मोठा पाताळयंत्री गृहस्थ होता. पहिल्या हेन्री राजाच्या मृत्यूनंतर त्याचा भाचा स्टीफन आणि मुलगी मटिल्डा यांच्यात गादीवरून जे यादवी युद्ध पेटले, त्यात जॉन आधी स्टीफनकडे होता आणि मग मटिल्डाकडे गेला. 1141 मध्ये व्हेरवेल येथे तो एका चर्चमध्ये कोंडला गेला असता शत्रूने चर्चला आग लावली. छपराचे शिसे वितळून त्याच्या चेहऱ्यावर पडले आणि एक डोळा गेला, पण तो शरण गेला नाही. सॉल्झबरीच्या बलाढ्य शेजाऱ्यांशी त्याचे वैर होते. ते जड जाऊ लागले तेव्हा त्याने त्याच घरात सोयरीक केली: पहिली बायको अलीन हिला दूर करून सॉल्झबरीच्या पॅट्रिकची बहीण सिबिल हिच्याशी लग्न लावले. अलीनचे दोन मुलगे होते. सिबिलला चार झाले आणि त्यांतला दुसरा विल्यम, म्हणजे बापाचा चौथा. त्याचा जन्म 1147 च्या सुमाराचा.

आता फाशीची गोष्ट. 1152 मध्ये स्टीफनने जॉनच्या न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला. मटिल्डाची परवानगी घेऊन किल्ला खाली करतो, तोवर तहकुबी द्या, असे सांगून जॉनने ओलीस म्हणून विल्यमला राजाच्या हवाली केले आणि मिळालेल्या मुदतीत किल्ल्यात माणसे व दाणागोटा भरून घेतला. किल्ला दिला नाही तर पोराला फासावर चढवू, असा निरोप आला तेव्हा जॉनचे उत्तर असे होते की, याहून सरस मुलगे घडवायला लागणारा हातोडा आणि ऐरण अजून आपल्याजवळ शाबूत आहेत. त्यावर पोराला झाडाकडे नेले. वाटेत त्याला एका अर्लच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या सरदाराच्या, हातातला भाला आवडला आणि त्याने तो खेळायला मागितला. ते पाहून स्टीफनला राहवले नाही आणि मुलाला कडेवर घेऊन तो परतला. पुढे गोफणयंत्रात घालून किल्ल्यावर फेकायची भाषा झाली, तेव्हा मुलाला तो झोपाळा वाटला. एके दिवशी राजाच्या तंबूत, जमिनीवर पसरलेल्या पानाफुलांतून गवतात उगवणाऱ्या लांब दांड्याच्या एका रानवनस्पतीची काडी उचलून त्याने राजालाच द्वंद्वाचे आव्हान दिले आणि राजाच्या काडीचे डोके पहिल्या फटक्यात उडवले.

वाटाड्याने खोटे सांगितले नाही, पण हा सारा प्रसंग एकाच ठिकाणी आहे: विल्यमच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांनी लिहवून घेतलेल्या पद्यचरित्रात. त्याविषयी शेवटच्या पत्राच्या उत्तरात पाहू. पाच वर्षांच्या मुलाला हातोडा आणि ऐरणीचा निरोप ऐकू आला असेल असे नाही. तो नंतर कोणीतरी त्याला सांगितला असणार, आणि म्हातारपणी तो स्वतः ही हकीकत हसतहसत सांगत असणार, असे माझे मत आहे. मूल ओलीस ठेवणे ही मात्र त्या काळी रोजची बाब होती आणि विल्यमने पुढे स्वतःचे मुलगेही राजाकडे ओलीस दिले.

चौथ्या मुलाच्या वाट्याला जमीन येत नसे. म्हणून त्याला नॉर्मंडीत तांकारव्हिलच्या विल्यम या आप्ताकडे शस्त्रविद्या शिकायला धाडण्यात आले. बाप 1165 मध्ये वारला तेव्हा विल्यमला वारशात काही मिळाले नाही. घोडा, चिलखत आणि मनगट एवढ्यावर त्याने टूर्नामेंट गाजवल्या. या टूर्नामेंट म्हणजे दोन सरदारांनी भाले रोखून एकमेकांवर धावण्याचा शोभेचा खेळ नव्हे. त्या काळी मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतांतून दोन जमाव झुंजत, आणि जो पकडला जाई त्याला घोडा, हत्यारे किंवा खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागे. धाकट्या मुलांना पोट भरण्याचा तो एक रूढ धंदा होता. मरणशय्येवर विल्यमने आपण पाचशे सरदार पकडल्याचे सांगितले.

नशीब उघडले ते मामामुळे, तेही मामाच्या मरणाने. 1168 मध्ये फ्रान्समधील पॉइटूमध्ये दुसऱ्या हेन्री राजाची राणी एलेनॉर हिच्या चाकरीत असताना लुझिन्यां घराण्याच्या माणसांनी पॅट्रिकला पाठीत भाला मारून ठार केले. चिलखत चढवायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता. भाच्याने एकट्याने झुंज दिली, मांडीत भाला लागला आणि तो पकडला गेला. राणीने खंडणी भरून त्याला सोडवले आणि दरबारात घेतले. 1170 मध्ये तो तिच्या मुलाचा, युवराज हेन्रीचा, शस्त्रगुरू झाला. 1183 मध्ये युवराज तापाने वारला. त्याचा क्रुसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर, जाण्याचा नवस फेडण्यासाठी विल्यम पॅलेस्टाइनला जाऊन आला आणि येताना त्याने रेशमी वस्त्र आणले. ते कशासाठी, हे त्याने तीस वर्षे कोणालाही सांगितले नाही.

प्रश्न : विल्यम मार्शल हा बायकोच्या वतनावर मोठा झालेला घरजावई होता असे एका व्याख्यानात ऐकले. हे विधान अतिशयोक्त नाही का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : 'घरजावई' हा शब्द खोचक असला तरी विधान फारसे अतिशयोक्त नाही, आणि खुद्द विल्यमने भर सभेत जवळजवळ तेच कबूल केले होते.

1189 च्या ऑगस्टमध्ये, त्रेचाळिशीच्या आसपास असताना, त्याचे इझाबेल द क्लेअर हिच्याशी लग्न झाले. ती सतरा-अठराची होती. तिचा बाप रिचर्ड द क्लेअर, 'स्ट्राँगबो' या टोपणनावाने ओळखला जाणारा, आयर्लंडवर चालून गेलेल्या नॉर्मन सरदारांचा म्होरक्या होता. आई ईफा ही आयर्लंडमधील लेन्स्टर प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. डर्मटने राज्य परत मिळवण्यासाठी या परक्या सरदाराला बोलावले आणि मुलगी दिली. स्ट्राँगबो 1176 मध्ये वारला, त्याचा मुलगा 1185 च्या सुमारास अल्पवयातच गेला, आणि लेन्स्टर, वेल्सच्या सीमेवरचा चेप्स्टोचा किल्ला व नॉर्मंडीतील जहागिरीचा हिस्सा असा सारा संसार एका मुलीवर आला. अशी वारस मुलगी राजाच्या पालकत्वाखाली जाई आणि तिचे लग्न कोणाशी लावायचे हे राजा ठरवी. म्हातारा दुसरा हेन्री मरण्यापूर्वी हा शब्द विल्यमला देऊन गेला होता. गंमत अशी की, त्या शेवटच्या मोहिमेत बापाविरुद्ध उठलेल्या रिचर्डचा पाठलाग अडवताना विल्यमने भाला त्याच्या छातीत न मारता घोड्यात मारला होता, आणि काही आठवड्यांतच तोच रिचर्ड राजा झाला. त्याने राग धरला नाही, उलट बापाचा शब्द पाळला.

अर्लची पदवी 1199 मध्ये रिचर्डनंतर गादीवर आलेल्या जॉन राजाने दिली आणि पेम्ब्रोक त्यानंतर हाती आले, तेही इझाबेलच्या बापाचे जुने हक्क होते म्हणून. मार्शलचा हुद्दा मात्र बायकोच्या माहेरचा नव्हे, स्वतःच्या घरचा: अलीनचे दोघे मुलगे आधीच गेले होते आणि 1194 मध्ये सख्खा थोरला भाऊ जॉन निपुत्रिक वारला, तेव्हा तो विल्यमकडे आला. त्याच वर्षी सर्वांत धाकटा भाऊ हेन्री एक्सेटरचा बिशप झाला.

आता सभेतला प्रसंग. 1207 मध्ये जॉन राजाची मर्जी फिरली होती. नॉर्मंडी हातची गेल्यावर तिथल्या जमिनी राखण्यासाठी विल्यमने फ्रान्सच्या राजाची निष्ठा पत्करली होती आणि जॉनच्या मनातून ते गेले नव्हते. दोन थोरले मुलगे ओलीस ठेवूनही त्याचे समाधान झाले नाही. त्याने विल्यमला आयर्लंडहून बोलावून घेतले. पाठीमागे घात होणार हे सर्वांना दिसत होते. निघण्यापूर्वी विल्यमने किलकेनीच्या किल्ल्यात लेन्स्टरच्या सरदारांना जमवले आणि इझाबेलचा हात धरून तिला त्यांच्यासमोर आणले. त्याच्या सांगण्याचा आशय असा होता: ही तुमची जन्माने धनीण आहे, तुम्हांला जमिनी देणाऱ्या अर्लची ही मुलगी आहे, ती गरोदर आहे आणि मी परत येईपर्यंत तिला सांभाळा, कारण इथे माझे जे काही आहे ते तिच्यामुळेच आहे. सभेत त्यांनी हो म्हटले, आणि काहींनी पुढे शब्द मोडला. त्यानंतर इंग्लंडमध्ये घोड्यावरून जाताना राजाने विल्यमला मुद्दाम खोटी बातमी सांगितली की, लढाईत तुझे सरदार मारले गेले. विल्यमने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. काही आठवड्यांनी खरी बातमी आली ती उलटी होती: इझाबेलच्या बाजूने विजय मिळवला होता आणि राजाचा अधिकारी मायलर पकडला गेला होता.

1216 मध्ये मरताना याच जॉनने नऊ वर्षांच्या मुलाला सांभाळायला विल्यमच हवा म्हणून निरोप धाडला, यावरून राजाला माणसाची पारख नव्हती असे म्हणता येत नाही. विल्यम सत्तरीच्या घरात राज्याचा कारभारी झाला. 20 मे 1217 रोजी चालून आलेल्या फ्रेंचांविरुद्धच्या लिंकनच्या लढाईत उतरताना उत्साहाच्या भरात शिरस्त्राण घालायला विसरला आणि मागे वळून ते मागून घ्यावे लागले. त्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढताना पडलेला पर्शचा तरुण काउंट टॉमस हा विल्यमच्या मावशीचा पणतू होता. इंग्लंड आणि फ्रान्स हे शब्द आज जसे आपण वापरतो तसे या घरांना लागू पडत नाहीत. घरात सारे फ्रेंच बोलत आणि खाडीच्या दोन्ही बाजूंना सोयरेधायरे असत.

प्रश्न : पाच मुलगे असूनही मार्शल घराणे 1245 मध्ये संपले, ते एका बिशपच्या शापामुळे, असे वाचले. मग मालमत्ता कुठे गेली? — एक वाचक, पुणे

उत्तर : शापाची कथा तेराव्या शतकातील इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस सांगतो. विल्यमने आयर्लंडमध्ये फर्न्सच्या बिशपच्या दोन गावांवर ताबा घेतला आणि मरेपर्यंत सोडला नाही. बिशपने त्याला बहिष्कृत केले. विल्यमच्या मृत्यूनंतर तो लंडनला आला आणि बालराजाबरोबर थडग्यापाशी उभे राहून म्हणाला की, गावे परत केलीत तर मृताला मुक्त करतो. मुलांनी नकार दिला, तेव्हा एका पिढीत या घराचे नाव पुसले जाईल, असे तो बोलला. ही कथा लिहिली गेली तेव्हा घराणे बुडत आले होते किंवा बुडालेले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

घडले ते असे. थोरला मुलगा विल्यम 1231 मध्ये अचानक वारला. त्याची दुसरी बायको एलेनॉर ही राजाची बहीण, लग्नात नऊ वर्षांची आणि वैधव्यात सोळाची. तिने पुढे सिमॉन द मोंफोर या सरदाराशी लग्न केले आणि मार्शल घराण्याकडून तिला मिळायच्या विधवेच्या हिश्शावरून राजा आणि सिमॉन यांचे वर्षानुवर्षे वाजले. दुसरा रिचर्ड 1234 मध्ये किल्डेअरच्या माळावर जखमी होऊन गेला. तिसरा गिल्बर्ट पाद्री व्हायचा होता, पण भावांच्या मागे अर्ल झाला. आपण सरदार म्हणूनही कमी नाही हे दाखवायला तो 1241 मध्ये हर्टफर्डजवळच्या टूर्नामेंटमध्ये उतरला, लगाम तुटला, पाय रिकिबीत अडकला आणि घोड्याने त्याला फरफटत नेले. बापाला वर आणणारा खेळ मुलाला घेऊन गेला. चौथा वॉल्टर 1245 च्या नोव्हेंबरात, पाचवा अँसेल्म डिसेंबरात, म्हणजे महिनाभरात. अँसेल्मला अर्लपदाची वस्त्रेही मिळाली नव्हती. पाचांची लग्ने झाली होती, पण एकालाही औरस संतती झाली नाही.

आता मालमत्ता. त्या कायद्यात मुलगा असताना सारे थोरल्याला मिळे आणि धाकट्यांना बाप देईल तेवढेच. मुलगे नसले की मात्र सर्व मुली सारख्या वाटेकरी होत, आणि मृत मुलीचा वाटा तिच्या मुलांकडे जाई. त्यामुळे अँसेल्मच्या मृत्यूबरोबर जे पन्नास-साठ वर्षे एकत्र राहिले होते, त्याचे पाच तुकडे झाले. मुलींपैकी तिघी तेव्हा हयात नव्हत्या. थोरली मॉड हिला आयर्लंडमधील कार्लोची जहागीर आणि मार्शलचा हुद्दा मिळाला. हा हुद्दा तिने आपल्या मुलाला, नॉर्फोकच्या रॉजर बिगॉडला, दिला. दुसरी मुलगी इझाबेल हिचा किलकेनीचा वाटा क्लेअर घराण्यात गेला. या इझाबेलच्या मुलीचे लग्न स्कॉटलंडच्या ब्रूस घराण्यात झाले, आणि स्वातंत्र्यासाठी लढलेला रॉबर्ट ब्रूस राजा हा अशा रीतीने आपल्या विल्यमचा खापरपणतू ठरतो. तिसऱ्या सिबिलला सात मुली. किल्डेअरचा वाटा आणखी सातांत विभागला गेला. जोनचा वेक्सफर्ड आणि पुढे पेम्ब्रोक तिच्या मुलीबरोबर राजाच्या सावत्र भावाकडे, विल्यम द व्हॅलेन्सकडे गेले.

चौथ्या ईव्हाची हकीकत स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. तिचा नवरा विल्यम द ब्रेओस याला वेल्सचा राजा ल्युवेलिन याने 1230 मध्ये फाशी दिली, कारण तो राजाच्या बायकोबरोबर तिच्याच दालनात सापडला होता. त्याआधी ईव्हाच्या मुलीचे ल्युवेलिनच्या मुलाशी लग्न ठरले होते. फाशीनंतर ल्युवेलिनने विधवेला आणि तिच्या भावाला पत्रे लिहून विचारले की, ठरलेले लग्न अजून हवे आहे का. आणि लग्न झाले. वधूच्या बापाला वराच्या बापाने फासावर चढवले असताना मांडव घालणे आपल्याला अंगावर काटा आणणारे वाटेल. त्या दोन्ही घरांना सीमेवरची शांतता आणि हुंड्यातील जमीन यांचे मोल अधिक होते.

मरणापूर्वी विल्यमने केलेली व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. 1219 च्या वसंतात तो टेम्सकाठी कॅव्हरशम येथे अंथरुणाला खिळला. थोरल्यांची वाटणी सांगितल्यावर अँसेल्मविषयी तो म्हणाला की, मला तरी बापाने काय दिले होते, त्यानेही हिंडून मिळवावे. जॉन ऑफ अर्ली या जुन्या सेवकाने रदबदली केली तेव्हा कुठे पोराला वर्षाला 140 पौंडांची जमीन मिळाली. लग्न न झालेल्या जोनची मात्र काळजी त्याला स्वतःहून लागली होती. एके दिवशी त्याला गाण्याची इच्छा झाली. स्वतः गायचे त्राण नव्हते म्हणून मुलींना बोलावले. मॉड एक कडवे गायली. जोन लाजून हळू आवाजात गायली, तेव्हा म्हाताऱ्याने तिला शब्द कसे फेकायचे ते पडल्यापडल्या शिकवले. मग ते तीस वर्षे गुंडाळून ठेवलेले रेशमी वस्त्र मागवले आणि हे माझ्या कलेवरावर घाला, असे सांगितले. टेंप्लर या लढवय्या संन्याशांच्या पंथात देह ठेवण्याचा शब्द त्याने पॅलेस्टाइनमध्येच दिला होता. टेंप्लरला स्त्रीस्पर्श वर्ज्य. म्हणून पंथाचे वस्त्र अंगावर घेण्याआधी त्याने इझाबेलला जवळ बोलावून शेवटचे चुंबन मागितले. तो 14 मे रोजी गेला, ती पुढच्या वर्षी. त्याला लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये पुरले, तिला तिच्या माहेरच्या टिंटर्न मठात.

प्रश्न : आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाने मृत्युशय्येवर मुलीला गाणे शिकवले, ही माहिती आपल्यापर्यंत पोचली कशी आणि तिच्यावर विश्वास किती ठेवावा? — एक वाचक, नागपूर

उत्तर : थोरल्या मुलाने, दुसऱ्या विल्यमने, जॉन ऑफ अर्लीच्या आठवणी आणि मदत घेऊन 1220 नंतरच्या काही वर्षांत जॉन नावाच्याच एका कवीकडून 19,214 ओळींचे फ्रेंच पद्यचरित्र लिहवून घेतले. त्याची एकच प्रत टिकली. 1861 मध्ये पॉल मेयर या तरुण फ्रेंच विद्वानाने ती लंडनच्या एका लिलावात ओझरती पाहिली. ती दुसऱ्याने विकत घेतली, आणि तिचा माग काढून पुन्हा हाती घ्यायला त्याला वीस वर्षे लागली. आज ती न्यू यॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

अर्ली मरणशय्येपाशी होता, त्यामुळे गाण्याचा प्रसंग मी खरा धरतो. मात्र पैसे देणाऱ्याच्या अडचणीच्या जागी कवी भरभर पुढे जातो. 1215 मध्ये बाप विल्यम हा जॉन राजाच्या बाजूने मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या कराराच्या, वाटाघाटी करत असताना राजाला त्या करारात बांधून ठेवण्यासाठी विरोधी सरदारांनी पंचवीस जण निवडले होते, आणि त्यांत चरित्राचा यजमान, म्हणजे थोरला मुलगा, स्वतः होता. न्यूबरीच्या तंबूतल्या काडीच्या लढाईवर ओळीमागून ओळी खर्च करणाऱ्या कवीने त्या उन्हाळ्यातली ही बापलेकांची फारकत जवळपास न बोलताच ओलांडली आहे.